पाला पडला की करपा आला?

इंदूरच्या मराठी घरात एक शब्द दोन अर्थांनी वावरतो आणि हिवाळ्यात हमखास गोंधळ घालतो. तो शब्द म्हणजे ‘पाला’. घरात आपण मेथीचा पाला, मुळ्याचा पाला म्हणतो. दारावर आलेला भाजीवाला ‘पाला पड़ गया’ म्हणाला, की त्याला म्हणायचं असतं दहिवर गोठून पीक जळलं. मराठीतला पाला हिरवा, हिंदीतला पाला मारणारा. आपली मुलं दोन्ही भाषा एकाच श्वासात बोलतात, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नाही. पण गेल्या जानेवारीत आमच्या परसबागेतले बटाटे काळे पडायला लागले, तेव्हा या एका शब्दावर संपूर्ण पिकाचं भवितव्य ठरणार होतं. कारण ‘पाला’ पडला असेल तर संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्यायचं असतं. आणि करपा आला असेल, ज्याला हिंदीत झुलसा म्हणतात, तर पाणी ताबडतोब बंद करायचं असतं. दोन रोग, दोन उलटे उपाय, आणि ठरवायला हातात एक संध्याकाळ.

आमची बाग म्हणजे काही शेत नव्हे. जुन्या कॉलनीतलं घर, मागच्या बाजूला मोकळी जागा. त्यातला १२ फूट बाय १६ फुटांचा तुकडा दर हिवाळ्यात बटाट्यांचा. दोन-दोन फुटांवर आठ सऱ्या, प्रत्येक सरीत अठरा रोपं, म्हणजे एकूण १४४. हा हिशेब बाबांचा. ते बँकेतून निवृत्त झालेत, पण ताळेबंद अजून मांडतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड, जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीत काढणी. आदल्या वर्षी ५८ किलो निघाले होते. ते वर्षभर खायला नसतातच. महाशिवरात्रीच्या आधी मावश्या येतात, आई पातेली चढवते आणि किस, चिप्स, पापड्या असं सगळं वाळवण गच्चीवर पसरतं. त्यातलं निम्मं डब्यांतून पुण्याला, देवासला, उज्जैनला जातं.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं बायपासचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर म्हणायचे, “रस्त्यावर काय चालायचं, वेड्यासारखं.” पण सकाळी सात वाजता बागेत जायचे. वाकता येत नसे, म्हणून स्टूल घेऊन एकेका सरीशी बसायचे. त्यांना घराबाहेर काढणारी तेवढी एकच गोष्ट होती. आणि गेल्या दिवाळीत त्यांनीच एकदा जेवताना सांगून टाकलं होतं, “यंदा बघतो. नाही झेपलं तर फरशी घालून घेऊ. तुझी गाडी आत येईल.” गवंड्याला विचारूनही झालं होतं. माझी गाडी रस्त्यावर उभी असते हे खरं, आणि पावसाळ्यात त्रास होतो हेही खरं. पण त्या वाक्यात गाडीचा विषय नव्हता, हे आई आणि मी दोघंही समजून होतो.

मावठं गुरुवारी झालं. दोन दिवस ढग, सकाळी धुकं, पानांवर दुपारपर्यंत पाणी. सोमवारी सकाळी बाबा आत येऊन म्हणाले, “भिंतीकडची पानं बघ जरा.” भिंतीलगतच्या सरीतल्या नऊ रोपांवर पानांच्या टोकाला आणि कडांना ओलसर, फिकट हिरवट डाग होते. जणू कुणी गरम पाणी शिंपडलंय. काही डागांचा मधला भाग तपकिरी-काळा झाला होता. आठवड्यातून एकदा येणारा माळी त्याच दिवशी आला होता. त्याने लांबूनच बघून निकाल दिला, “बाबूजी, पाला मार गया. शाम को पानी छोड़ दो, रात को धुआँ कर दो.”

त्याचा सल्ला चुकीच्या रोगासाठी बरोबर होता. ओली माती दिवसभराची ऊब धरून ठेवते, म्हणून पाला पडण्याची भीती असते त्या रात्री पाणी देतात, हे माळव्यातला प्रत्येक शेतकरी जाणतो. प्रश्न इतकाच होता की पाला पडला होता का?

पाला पडायला आकाश निरभ्र लागतं. ढग असले की ते जमिनीची उष्णता पांघरुणासारखी अडवून धरतात. ढग नसले, वारा पडला आणि पारा शून्याच्या आसपास घसरला की पानांतलं पाणी गोठतं. मग सकाळी ऊन लागताच सगळं शेत एकदम काळं पडतं, उघड्यावरचं आधी. आमच्याकडे मात्र चार दिवस ढग होते, आणि फक्त भिंतीलगतची, आडोशाची नऊ रोपं बिघडली होती.

शिवाय माझ्याकडे आकडे होते. दिवाळीच्या सुटीत मी हौसेनं बागेत तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा सेन्सर बसवला होता. काही शे रुपयांचं सर्किट, वर पावसापासून आडोसा म्हणून आइस्क्रीमचा उपडा डबा. दर दहा मिनिटांनी नोंद होते. आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, की आधी मतं ऐकायची नाहीत, लॉग उघडायचा, ही सवय. तसाच लॉग उघडला. गुरुवारपासून एकाही रात्री तापमान ११ अंशांच्या खाली गेलेलं नव्हतं. आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर सलग किती वेळ होती? शुक्रवारी १३ तास, शनिवारी १५ तास. पाल्याचा प्रश्न तिथेच संपला.

तरी खात्री करायला मंगळवारी पहाटे, ऊन यायच्या आत, लेकीचं भिंग घेऊन बागेत गेलो. एक डागाळलेलं पान उलटून बघितलं. डागाच्या कडेला, जिथे मेलेला भाग संपून हिरवा सुरू होतो तिथे, पांढऱ्या मऊ बुरशीची बारीक झालर होती. ऊन चढल्यावर ती दिसेनाशी होते, म्हणूनच पहाटे बघायची. ही झालर म्हणजे उशिरा येणाऱ्या करप्याची सही. लवकर येणारा करपा वेगळा. तो खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, डाग कोरडे असतात आणि त्यात झाडाच्या बुंध्यासारखी एकात एक वर्तुळं दिसतात. तो पीक कमी करतो, पण सवड देतो. उशिराचा करपा सवड देत नाही. हवा त्याच्या मनासारखी असली तर आठ-दहा दिवसांत हिरवंगार शेत काळं, दुर्गंधी येणारं चिपाड होतं.

याचं शास्त्रीय नाव फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स. १८७६ साली अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं दिलेलं. ग्रीकमध्ये फायटॉप्थोराचा अर्थच ‘वनस्पतींचा संहारक’. आपण बुरशी म्हणतो, पण ही खरी बुरशी नव्हे. तिच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात आणि नातं बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांशी जवळचं. तिला पाणी इतकं का लागतं ते यावरून कळतं. पानावर पाण्याचा पातळ थर असेल आणि गारवा असेल, तर तिच्या एका बीजाणूतून शेपटीवाले अनेक छोटे जीव बाहेर पडतात आणि त्या थरात चक्क पोहतात. पान सुकं असेल तर त्यांना काही करता येत नाही. थोडक्यात, पानावरचं पाणी हाच त्यांचा रस्ता.

१८४५ साली हाच रोग आयर्लंडमध्ये पोचला. गरिबांचं पोट जवळजवळ फक्त बटाट्यावर होतं, आणि त्यातही बहुतेकांनी ‘लंपर’ नावाचं एकच वाण लावलेलं. बटाटा आपण बी पेरून नाही, बटाट्याच्याच फोडी लावून वाढवतो, त्यामुळे एका वाणाची सगळी रोपं एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या काळात तिथून धान्य बाहेर पाठवलं जात होतं, हे वाचलं की दुष्काळाला फक्त रोग जबाबदार नसतो हेही कळतं. भारतात हा करपा पहिल्यांदा निलगिरीत, १८७० ते १८८० च्या दरम्यान नोंदला गेला.

एक गोष्ट वाचून मी थोडा वेळ कामच थांबवलं. २००९ साली या जीवाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. सुमारे २४ कोटी अक्षरं, आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पुनरावृत्तीचा. झाडाच्या संरक्षणाला चकवणारी जनुकं याच पुनरावृत्तीच्या, भरभर बदलणाऱ्या भागात असतात. म्हणजे मूळ यंत्रणा स्थिर, आणि हल्ला करणारा कोड सतत नव्या रूपात. म्हणूनच करप्याला दाद न देणारं म्हणून आणलेलं वाण काही वर्षांनी दाद द्यायला लागतं. आम्ही लावतो ते ‘कुफरी ज्योती’ १९६८ साली आलं, तेव्हा करप्यासमोर टिकणारं म्हणून त्याचं नाव होतं. आता तशी खात्री राहिलेली नाही. (कुफरी हे सिमल्याजवळचं ठिकाण. आपल्या बहुतेक भारतीय वाणांच्या नावात ते असतं, कारण केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सिमल्याला आहे. तिचं एक केंद्र आपल्या ग्वाल्हेरलाही आहे. आणि ‘कुफरी लौकर’ हे नाव वाचून ते वाण लवकर तयार होणारं आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.)

रोग कळला, पण औषधाचा प्रश्न उरला. बाबांनी तीस वर्षांत बागेत रासायनिक औषध फवारलेलं नाही. कृषी खात्याचे लोक अशा वेळी मॅन्कोझेब सांगतात, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम. मी ते आणायला निघालो, तर बाबा म्हणाले, “ते मारून काढलेला बटाटा मी नातीला घालणार नाही.” कडुनिंबाचा अर्क चालला असता त्यांना, पण तो या रोगाला पुरा पडत नाही. मी ते सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि काही बोलले नाहीत. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “तुझे आजोबा संत्र्याच्या खोडाला मोरचूद आणि चुना लावायचे. ते चालतं का यावर?”

चालतं. त्याचंच नाव बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांच्या रोगावर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते १८८५ च्या सुमारास प्रसिद्ध केलं. सेंद्रिय शेतीतही मर्यादेत तांबं वापरू देतात. मात्र तांबं मातीत साचत जातं, म्हणून उठसूट मारायचं नाही, हे बाबांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

आम्ही ज्या रीतीनं केलं ती लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात विरघळवायची. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुना दुसऱ्या बादलीत आधी थोड्या पाण्यात फोडायचा. तो उकळतो, तेव्हा तोंड लांब ठेवायचं आणि मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. थंड झाला की पाच लिटर करून फडक्यातून गाळायचा. मग दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या बादलीत ओतत काठीनं ढवळत राहायचं. आकाशी रंगाचं मिश्रण तयार होतं. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याचं पाणी घालायचं. नाही घातलं तर पानं भाजतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. हातमोजे, मास्क, लांब बाह्या. फवारणी सकाळी, पान दुपारपर्यंत सुकेल अशी, आणि पानांच्या खालून आवर्जून.

पण हे कवच आहे, उपचार नव्हे. ज्या पानाच्या आत रोग शिरलाय त्याला ते वाचवू शकत नाही. म्हणून आधी ती नऊ रोपं, आणि त्यांच्या शेजारची वरून निरोगी दिसणारी चार, मुळासकट उपटली. तिथल्या तिथे प्लास्टिकच्या पिशवीत घातली, हलवाहलव न करता. मग बागेच्या कोपऱ्यात दोन फूट खड्डा करून पुरली. त्यांच्याखाली सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे बटाटे लटकत होते. आई ते बघून आत निघून गेली.

उरली १३१ रोपं. मंगळवारी सकाळी फवारणी झाली. सऱ्यांना मातीची भर दिली, कारण पानांवरचे बीजाणू पावसानं किंवा पाण्यानं मातीत धुऊन जातात आणि वरवरच्या बटाट्यांना गाठतात. मातीचा जाड थर हाच त्यांचा दरवाजा. पाणी बंद.

आता भिंतीपलीकडचा विषय. भिंतीच्या त्या बाजूला शेजारच्या भाभीजींचे टोमॅटो होते. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि हा करपा दोघांनाही होतो. गच्चीवरून बघितलं तर त्यांच्या पानांवर तेच डाग होते, आणि दोन-तीन हिरव्या फळांच्या खांद्यावर तेलकट तपकिरी चट्टे. रोग त्यांच्याकडून आला की आमच्या बियाण्यातून, हे सांगता येणार नव्हतं, आणि त्यानं काही फरकही पडणार नव्हता. हा जीव वाऱ्यावर जातो, त्याला सहा फुटांची भिंत काय करणार! फरक पडणार होता तो त्यांची झाडं उभी राहिली की नाही यानं.

शेजाऱ्याला तुमची झाडं काढून टाका म्हणून सांगायचं कसं? बाबा म्हणाले, “तू नको. मी जातो.” बायपासनंतर ते पहिल्यांदाच कुणाच्या घरी आपणहून गेले. बरोबर पिशवीत बंद केलेलं आमचंच एक रोगट पान आणि भिंग. मी मागे उभा होतो. भाभीजी म्हणाल्या, “भाईसाहब, फल तो लगे हुए हैं, अभी कैसे उखाड़ दूँ?” बाबांनी वाद घातला नाही. भिंग हातात दिलं, पान उलटं करून दाखवलं आणि म्हणाले, “हमने तेरह पौधे निकाल दिए. बाकी आप देख लो.” त्यांनी बराच वेळ बघितलं. संध्याकाळी त्यांचा मुलगा झाडं काढताना दिसला. डाग नसलेले हिरवे टोमॅटो त्यांनी आधी तोडून ठेवले. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा त्यांनी हिरव्या टोमॅटोच्या चटणीची बरणी हातात ठेवली.

शुक्रवारी पहाटे पुन्हा पानं तपासली. तीन सऱ्यांत मिळून आणखी ३० रोपांवर डाग. फवारणीच्या आधीच रोग त्यांच्यात शिरलेला होता, बाहेर यायला त्याला चारेक दिवस लागतात. आणि हवामान खातं शनिवारी रात्रीपासून पुन्हा ढग सांगत होतं.

आता दोन वाटा होत्या. उरलेली शंभर रोपं उभी ठेवायची, रोज रोगट काढत जायचं आणि अजून तीन आठवडे बटाटा पोसू द्यायचा. किंवा सगळ्याच रोपांचा पाला आजच कापायचा. कापला की बटाट्याची वाढ तिथेच थांबते, कारण पोसणारी पानंच उरत नाहीत. न कापला आणि पाऊस आला, तर बीजाणू मातीत उतरून जमिनीखालचे बटाटेही कुजवतात. लागवडीला जेमतेम सत्तर दिवस झाले होते. ज्योतीला पूर्ण भरायला नव्वदच्या पुढे लागतात.

मी ऑफिसात अशा बैठका रोज घेतो. काय वाचवायचं, काय सोडून द्यायचं, किती वेळ उरलाय. तिथे मला आवाज चढवता येतो. इथे शंभर हिरवीगार, फुलांना आलेली झाडं समोर होती, आणि स्टूलवर बसलेले बाबा. मी दोन सऱ्यांच्या कडेची माती बोटांनी उकरून बटाटे दाखवले. लहान होते, पण अंड्याएवढे होते, आणि स्वच्छ होते. मी म्हटलं, “बाबा, हे आत्ता आपले आहेत. पुढच्या शुक्रवारी असतील की नाही, मी सांगू शकत नाही.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जिवंत झाड कापायचं जिवावर येतं रे.” आणि थोड्या वेळानं, “विळा आण. खालून काप, मातीला धक्का नको.”

शनिवारी दुपारपर्यंत वाफे भुंडे झाले. कापलेला पाला सगळा गोळा करून पुरला. देठांची टोकं मातीत ठेवली, वरून परत भर दिली. त्या रात्री पाऊस झाला. सकाळी बाबा नेहमीप्रमाणे सात वाजता बागेत गेले, स्टूल घेऊन. बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

पाला कापल्यावर लगेच खणायचं नसतं. दहा ते पंधरा दिवस थांबायचं. तेवढ्यात वरचे बीजाणू मरतात आणि बटाट्याची साल पक्की होते. कोवळी साल खणताना सोलते, आणि जखमेतून कुजणं सुरू होतं. आम्ही तेरा दिवस थांबलो. २६ जानेवारीच्या सुटीला, चार दिवस कोरडं ऊन मिळाल्यावर, खणलं. लेक प्रत्येक बटाटा मोजत होती, २०० च्या पुढे तिचा हिशेब चुकला.

वजन ३९ किलो. त्यातले साडेतीन किलो टाकले. करपा शिरलेला बटाटा ओळखता येतो: सालीवर जांभळट-तपकिरी, किंचित दबलेले चट्टे, आणि कापला तर आत गंजासारखा दाणेदार रंग. असा एक ढिगात राहिला तरी तो कुजून शेजाऱ्यांना घेऊन जातो. उरलेले साडेपस्तीस किलो सावलीत, हवेशीर, पोत्यावर पसरून ठेवले आणि आई दर तीन दिवसांनी चाळत राहिली. निरोगी बटाटा खायला काहीच हरकत नसते. हा रोग माणसाला होत नाही. पण एकही बटाटा बियाण्यासाठी ठेवला नाही. कापलेला पाला कुजला की त्यातला जीवही मरतो. एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातो तो मुख्यतः बटाट्याच्या आत बसून. म्हणून वाफ्यात चुकून राहिलेला एखादा लहान बटाटा पुढे उगवला, तर तोही उपटायचा.

५८ च्या जागी ३५. वाळवण कमी झालं. चिप्स झाले नाहीत, किस झाला. मावश्यांना अर्धा-अर्धा डबा मिळाला आणि कुणी काही बोललं नाही. बाबांनी वहीत लिहिलं: ‘लागवड १४४, काढणी १३१, उत्पन्न ३९, निव्वळ ३५.५.’ आणि पुढच्या ओळीत, ‘पाला ७० व्या दिवशी कापला.’

येत्या हिवाळ्यासाठी थोडं सांगतो. बटाटा किंवा टोमॅटो लावणार असाल तर पाणी सरीतून द्या, पानांवर नको, आणि सकाळी द्या. रोपं दाटीनं लावू नका, वारा खेळला की पान सुकतं. ओळखीच्या, खात्रीच्या ठिकाणाहून बियाणं घ्या, आणि लावण्याआधी एकेक फोड बघून घ्या. ढगांवर लक्ष ठेवा. इंग्लंडमध्ये १९५६ साली एल. पी. स्मिथ यांनी एक साधा नियम दिला होता: सलग दोन दिवस तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही, आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त राहिली, तर करप्याचा धोका. २०१७ पासून तिथे ११ ऐवजी ६ तास धरतात. तो नियम तिकडच्या हवेसाठी आहे. आपल्याकडे बटाटा संशोधन संस्थेनं ‘इंडो-ब्लाइटकास्ट’ नावाची अंदाज देणारी पद्धत तयार केली आहे. पण परसबागेतल्या माणसाला खूण म्हणून तो नियम पुरतो. सेन्सर नसेल तर सकाळी दहा वाजता पानाला हात लावून बघा. सलग दोन दिवस हात ओला झाला, तर तिसऱ्या दिवशी पहाटे पानं उलटून बघा.

मी सेन्सरच्या लॉगवर हाच नियम लावून ठेवलाय. धोका दिसला की बाबांच्या फोनवर मेसेज जाईल. भाभीजींनीही त्यांचा नंबर दिलाय.

गवंड्याचा फोन मार्चमध्ये आला होता, फरशीचं काय म्हणून. बाबांनीच उचलला. म्हणाले, “अभी नहीं.” मग दिनदर्शिका काढून ऑक्टोबरच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: ‘बटाटे यंदा वाटाण्याच्या वाफ्यात. भिंतीकडे मेथी.’